बदलीला आलेली धाकटी

१

लढाई झाली नसती तर तारमास्तरचा आणि पाण्याचा संबंध आंघोळीपुरताच राहिला असता. तारघरात बसून कट्ट-कडकट्ट करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. मग माणसं कमी पडायला लागली, आणि वरच्या कोणीतरी ठरवलं की ज्याला तारेची भाषा येते त्याला बत्ती उघडमीट करून बोलायची भाषाही येणारच. असा तो 'थोरली'वर बत्तीवाला म्हणून आला आणि पहिला महिनाभर कठड्याला धरून ओकत होता.

थोरली आणि धाकटी या दोन गस्तीनौका. सरकारी कागदावर त्यांना नुसते आकडे होते, पण आकड्यावर माया बसत नाही. दोघी एकाच सुतारांच्या हातच्या, पाठोपाठ बांधलेल्या, आणि अंगाने पूर्ण लाकडी. पुढे एक तोफ, मागे पाणबुडीवर टाकायची स्फोटकांची पिंपं, मधे कपाटाएवढी केबिन आणि पोटात खोकणारं डिझेल इंजिन. मोठ्या लढाया लोखंडी जहाजांनी लढायच्या. या दोघींनी दारावर राखण करायची. बंदराच्या बाहेर समुद्रात एक रेघ ठरलेली होती, तिच्यावर येरझारा घालायच्या. अंथरूण कायम ओलं, पावाला डिझेलचा वास, आणि लाकूड तर घटकाभर गप्प बसायचं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं करकर, कुरकुर चालूच.

एक दिवस थोरली रेघेवर, एक दिवस धाकटी. दुपार कलली की बदली व्हायची. नव्याने आलेलीने बत्तीवर 'जा' म्हटल्याशिवाय जुनीने रेघ सोडायची नाही, हा नियम.

धाकटीवरचा बत्तीवाला म्हणजे मास्तरचा सख्खा मेहुणा. ताडमाड उंच, म्हणून घरीदारी सगळे त्याला उंटच म्हणत. त्या बुटक्या जहाजावर तो कुठेही उभा राहिला तरी आधी तोच दिसायचा. बत्तीची भाषा त्याला मास्तरनेच शिकवली होती, स्वयंपाकघरात बसून, ताटावर चमच्याने ठोकून. दोघं कधी एका वेळी जमिनीवर नसत, तेव्हा भेट व्हायची ती फक्त बदलीच्या वेळी, मधे पाणी ठेवून. सरकारी बोलणं संपलं की एक प्रश्न मास्तर विचारायचा, एक उत्तर उंट द्यायचा. कप्तान तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे.

घरी आल्यावर बायको पहिलं हेच विचारायची, "दिसला का हो? वाळलाय का?"

"वाळायला त्याच्या अंगावर आहे काय?" मास्तर म्हणायचा.

२

त्या दुपारी हवा धूसर होती. थोरली बदलीला पोचली तेव्हा धाकटी रेघेच्या टोकाला थांबली होती. मास्तरने बत्तीची झडप उघड-मीट करत विचारलं, "ताई विचारते, दाढदुखी थांबली का?"

पलीकडून उत्तर आलं, "मासेच. रोज मासेच."

मास्तर हसला. आदल्या दिवशी त्याने जेवणाचं विचारलं होतं, तेव्हा उत्तर आलंच नव्हतं. उंटाने आज दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "रजा कधी?"

उत्तर आलं, "थांबली. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या."

"याचं डोकं ठिकाणावर आहे का?" मास्तर शेजारच्या सुकाण्याला म्हणाला. सुकाणी म्हणजे चाकावरचा माणूस, जुना कोळी. तो धाकटीकडे पाठ करून उभा होता.

मास्तरला आणखीही एक गोष्ट खटकत होती. उंटाचा हात कच्चा. शेवटचं अक्षर तो नेहमी जरा ओढायचा, कंटाळलेल्या माणसाने वाक्य ओढावं तसं. मास्तरने त्यासाठी त्याला शंभरदा टोकलं होतं. आता मात्र अक्षरं अशी स्वच्छ येत होती की जणू मास्तर स्वतःच पाठवतोय. सुधारला असेल, त्याने मनाशी म्हटलं. माणूस सुधारला तर वाईट का वाटावं?

पुढच्या दिवशी त्याने वैतागून विचारलं, "काय रे, झोपेत आहेस का?"

उत्तर आलं, "रजा पुढच्या आठवड्यात."

त्याच्या पुढच्या दिवशी मास्तरने मुद्दाम काहीच विचारलं नाही. बत्ती बंद करून नुसता बघत राहिला. धाकटी बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि मग पलीकडची झडप उघडली.

"झोपेत नाही, भावोजी."

३

त्याच संध्याकाळी मास्तर घरी आला तर स्वयंपाकघरात उंट बसला होता. गुडघे छातीशी घेऊन, पाटावर, गालाला फडकं बांधून.

मास्तर दारातच थांबला. दोन तासांपूर्वी तो या माणसाला समुद्रावर सोडून आला होता.

"अहो, आत तरी या," बायको म्हणाली. "बघा कोण आलंय ते."

"तू इथे कसा?"

"म्हणजे काय भावोजी?" उंट फडक्याआडून बोलला. "आज पहिल्यांदा सोडलं घरी. दाढ उपटली ना गोदीतल्या डॉक्टरने. उपटली कसली, जबडाच न्यायला निघाला होता."

"आणि धाकटी?"

"ती वर ओढलीय. आठवडा झाला की! तळाला किडा लागला, पाणी यायला लागलं. आम्ही सगळे पलीकडच्या काठावर, सुतारांच्या शेडमध्ये पडून आहोत. मला वाटलं, तुम्हीच बिचारे बदलीविना बाहेर लटकलाय." तो मास्तरकडे बघत राहिला. "तुम्ही कसे आलात?"

बायकोने हातात दिलेला चहाचा कप तसाच ठेवून मास्तर निघाला आणि उजेड होता तोवर होडीने पलीकडच्या काठावर गेला. धाकटी तिथे होती. टेकूंवर, कोरड्यात, एका अंगावर जरा कललेली. तळाच्या फळ्या काढलेल्या होत्या आणि बरगड्यांमधून आरपार मावळतीचा उजेड दिसत होता. मास्तरने लाकडाला हात लावला. डांबर, भुसा, किड्यांनी पाडलेली भोकं, सगळं खरं होतं. एक सुतार म्हणाला, "काय हरवलं का साहेब?"

"नाही," मास्तर म्हणाला. "सापडलं."

घरी परत येताना त्याने चार कारणं शोधली. दुसरं एखादं तसंच जहाज असेल. बत्तीवाला नवा असेल, चेष्टा करत असेल. आपल्यालाच जाग्रणाने भास होत असतील. चौथं कारण त्याला घराच्या पायरीपर्यंत आठवत होतं, मग तेही गेलं. दाढेचं कोणाला माहीत होतं? मासे ठीक, मासे सगळेच खातात. पण त्याला 'भावोजी' म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते आत पाटावर बसून पातळ भात गिळत होतं.

४

थोरलीचे कप्तान लढाईआधी वकिली करत. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत.

"पुरावा?" त्यांनी विचारलं.

"धाकटी वर ओढलेली आहे, हा पुरावा."

"मग आपली बदली कोण करतंय?"

"तेच विचारतोय साहेब."

वकीलसाहेब किनाऱ्यावरच्या कचेरीत गेले आणि तासाभराने लालबुंद होऊन आले. कचेरीतला अधिकारी म्हणाला होता, "बदली येते का? येते. वेळेवर येते? येते. मग तक्रार कशाची आहे?" धाकटी वर ओढल्यामुळे थोरलीने बाहेरच थांबावं असा हुकूम निघाला होता म्हणे, पण थोरली एक दिवसाआड परत येते हे बघून कचेरीने समजूत करून घेतली होती की वरच्यांनी दुसरी सोय केली असेल. वरच्यांनीही तशीच काहीतरी समजूत करून घेतली असणार.

त्या दिवशी थोरली रेघेकडे निघाली तेव्हा वारा होता, लाटा आडव्या येत होत्या. रेघेवर धाकटी वाट बघत उभी होती. वकीलसाहेबांनी दुर्बीण मास्तरच्या हातात दिली. "तुमचे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले.

मास्तरने बघितलं. तोफ, केबिन, मागची पिंपं, डेकवर माणसं, आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून उंट. काहीच वावगं नव्हतं. तरी काहीतरी चुकत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं.

लहान जहाजावर माणूस सरळ उभा राहूच शकत नाही. जहाज डावीकडे कललं की तो उजवीकडे झुकतो, गुडघे वाकवतो, काहीतरी धरतो. दिवसभर न कळत त्याचं हेच चाललेलं असतं. समोरची धाकटी लाटांवर डोलत होती, आणि तिच्यावरची माणसं तिच्याबरोबर कलत होती. डावीकडे, उजवीकडे, सगळी एकदम, फळीत ठोकलेल्या खिळ्यांसारखी. आणि सगळ्यांची तोंडं थोरलीकडे होती.

"विचारा," वकीलसाहेब म्हणाले.

मास्तरने झडप उघडली. "कोण?"

या वेळी उत्तराला उशीर झाला नाही. "उंट."

सुकाणी चाक धरून, पाठ करून उभा होता. "आठवडाभर मी असाच उभा राहतोय," तो म्हणाला. "मला वाटलं, मला एकट्यालाच दिसतंय."

त्यानंतर थोरलीने रेघ सोडली नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी बदलीला आली, तिने 'जा' म्हटलं, वकीलसाहेबांनी 'नाही' म्हणायला लावलं. ती अंधार पडेपर्यंत घुटमळली आणि गेली. रोज येत राहिली. पाव संपत आला, माणसं एकमेकांवर खेकसायला लागली, आणि रोज दुपारी पलीकडून तोच प्रश्न यायचा, अगदी आपुलकीने: "दमला असाल भावोजी. घरी जाताय ना?"

५

खरी धाकटी आली ती आरडाओरडा करत. इंजिन धूर ओकत होतं, नव्या डांबराचा वास दुरून येत होता, तिचा आचारी कोणालातरी शिव्या घालत होता. इतकी जवळ आली की दोघींची लाकडं घासली. उंटाने ओणवं होऊन एक पिशवी मास्तरच्या छातीवर फेकली. "ताईने दिलंय. वाटेत थोडं मी खाल्लं!"

मास्तरने त्याचा दंड घट्ट धरला. "जपून राहा. दुसरं कोणी आलं तर बोलू नकोस त्याच्याशी."

"त्या रात्री घरी तुम्ही ते खरंच बोलत होता होय?" उंट म्हणाला, पण हसला नाही.

थोरली बंदरात आली. वकीलसाहेबांनी कचेरीत टेबलावर मुठी आपटल्या, तेव्हा कुठे अधिकाऱ्याला जाग आली, आणि जाग आली ती भलतीच. हुकूम निघाला: धाकटी नावाचं एकच जहाज आत येईल. दुसरं आलं तर किनाऱ्यावरच्या तोफा उडतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली बदलीला पोचली तेव्हा समुद्र तेलासारखा पडला होता. लाट नाही, वारा नाही. धूसर उजेडात रेघेवर दोन धाकट्या उभ्या होत्या.

दोघींच्या धुराड्यातून धूर निघत होता. दोघींच्या डेकवर माणसं हात हलवत होती, इकडेतिकडे धावत होती. दोन उंट, दोन बत्त्या. एकीने झडप उघडली, पाठोपाठ दुसरीने, आणि दोघी एकच विचारत होत्या: "भावोजी, ती दुसरी कोण आहे?"

तोफेवरचा माणूस एकदा या जहाजावर, एकदा त्या जहाजावर नेम धरत होता.

"जवळ येऊ का?" डावीकडचीने विचारलं. "जवळ येऊ का?" उजवीकडचीने विचारलं.

"कोणीही हलायचं नाही, हललात तर तोफ उडेल, असं सांगा," वकीलसाहेब घाईने म्हणाले. मग घसा खाकरून, कोर्टात उभं राहिल्यासारखे, "मास्तर, उलटतपासणी घ्या. घरचं असं काहीतरी विचारा, जे दुसऱ्या कोणाला माहीत नसेल."

मास्तरच्या डोक्यात त्या क्षणी काही येईना. लग्न, सासरे, गाव, सगळं पुसल्यासारखं झालं. मग आठवला पोपट. बायको लहान असताना त्यांच्या घरी एक पोपट होता. उंटाचा भारी जीव होता त्याच्यावर. तो पोपट कसा गेला ते बायकोने लग्नानंतर एकदा सांगितलं होतं. पिंजऱ्यात तडफडताना बघवेना, म्हणून तिनेच दार उघडलं होतं.

त्याने आधी उजवीकडे बत्ती वळवली. "तुमचा पोपट कसा गेला?"

उत्तराला जरा वेळ लागला. "पोपट? मांजराने नेला. का हो?"

मग डावीकडे. "पोपट कसा गेला?"

"ताईने पिंजरा उघडला. सोडून दिला."

मास्तरने डोळे मिटले. किती दिवसांनी त्याला काहीतरी नक्की कळलं होतं.

"डावीकडची," तो म्हणाला.

"खात्री?"

"खात्री."

"मग तिला 'जा' म्हणा. दुसरीला सांगा, बंदराकडे वळलीस तर बुडवू."

६

डावीकडची धाकटी बंदराकडे निघून गेली. जाताना तिच्या उंटाने हात हलवला.

उजवीकडची तिथेच राहिली. तिची बत्ती थांबेना. "भावोजी, हे काय?" मग, "चेष्टा पुरे आता." मग, "अहो, मी आहे." ती पुढे सरकू लागली तेव्हा वकीलसाहेबांनी तोफ उडवायला लावली, गोळा तिच्या समोर पाण्यात पडला. डेकवरची माणसं खाली पडली, पुन्हा उठली, ओरडली असावीत. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं.

"वाचू नका, मास्तर," वकीलसाहेब हळूच म्हणाले.

न वाचणं त्याच्या हातात नव्हतं. अक्षर ओळखीचं असलं की डोळा वाचतोच. त्याने पाठ फिरवली, तर केबिनच्या काचेत तीच उघडझाप. "डिझेल संपत आलंय. ताईला काय सांगाल?"

धुकं दाट होत गेलं. ती बत्ती आधी पिवळी, मग तपकिरी झाली, आणि मग काच नुसती काच राहिली.

७

पुढच्या दुपारी धाकटी वेळेवर बदलीला आली. उंटाने विचारपूस केली, 'जा' म्हटलं, आणि मास्तर घरी आला. बायकोचा चेहरा उजळला होता.

"काल आला होता. इतका छान जेवला! एरवी ताटात निम्मं टाकतो. घर सगळं बघून गेला, खोली न् खोली. म्हणाला, भावोजींनीच मला आत आणलं."

"आत आणलं म्हणाला?"

"हो. असं काय बघताय?"

मास्तर पाटावर बसला. "काही नाही. काल मी त्याला तुमच्या पोपटाचं विचारलं. बरोबर सांगितलंन. ताईने सोडला म्हणाला."

बायकोचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"उंट."

"त्याला कुठे माहीत आहे ते?" ती म्हणाली. "अहो, तो केवढासा होता तेव्हा! खरं सांगितलं असतं तर जन्मात बोलला नसता माझ्याशी. मांजराने नेला असंच सांगितलं मी त्याला. सगळ्यांनाच तसं सांगितलं. आईबाबांनासुद्धा." तिने मास्तरकडे पाहिलं. "खरं एकट्या तुम्हालाच सांगितलंय. तुम्ही सांगितलंत ना त्याला? तुमच्या पोटात काही राहायचं नाही."

बायको पुटपुटत उठली आणि आत गेली. तिच्या बांगड्या, भांडी, चुलीवरचं पाणी, सगळे आवाज नेहमीसारखे येत होते, आणि त्याला त्यातला एकही नीट लागत नव्हता.

८

पहाटेपर्यंत त्याने स्वतःची बाजू मांडून बघितली. आईने मरताना उंटाला सांगितलं असेल. पण आईलाच माहीत नव्हतं. आपणच कधी बत्तीवर गमतीत सांगितलं असेल. सांगितलं असलं तर ते कोणत्या धाकटीला? आणि ज्याने 'मांजराने नेला' म्हटलं तो खोटा असेल, तर त्याला ते कोणी सांगितलं? प्रत्येक बाजूने तो निघायचा आणि त्याच जागी यायचा.

बंदरातून निघताना त्याने वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निकाल लागलाय, मास्तर. वरचं कोर्ट नाही." आणि ते केबिनमध्ये जाऊन बसले.

रेघेवर धाकटी उभी होती. एकटीच. वारा सुटला होता, दोन्ही जहाजं चांगलीच हलत होती. दुर्बीण मास्तरच्या गळ्यात होती, पण त्याने ती डोळ्यांना लावली नाही. सुकाण्याने त्याच्याकडे पाहिलं आणि चाक धरून धाकटीकडे पाठ फिरवली.

पलीकडची झडप उघडली. "या भावोजी. 'जा' म्हणा, म्हणजे निघतो. ताई वाट बघत असेल."

मास्तरने बत्तीवर हात ठेवला. केबिनमधून वकीलसाहेबांचा आवाज आला, "म्हणा मास्तर. म्हणून टाका."

त्याने बत्ती फिरवली. धाकटीकडे नाही, उजवीकडे, जिथे आता नुसतं पाणी होतं. झडप उघडली आणि सावकाश, एकेक अक्षर, शिकवताना पाठवायचा तसं पाठवायला लागला.

"मांजरानेच नेला. तुझं बरोबर होतं."

पाणी तसंच राहिलं. त्याने पुन्हा पाठवलं. मागे धाकटीची बत्ती उघडझाप करत राहिली आणि तो पाठवत राहिला, "तुझं बरोबर होतं, तुझं बरोबर होतं," हात भरून येईपर्यंत.